आधी शटर, मग अ‍ॅपर्चर, आयएसओ सगळ्यात शेवटी: किट लेन्सवरच्या आकाशगंगेच्या एका फ्रेमचं प्रकरण

प्रकरण असं आहे. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान, २४ मेगापिक्सेल. लेन्स त्याच्यासोबत मिळते तीच १८-५५, एफ ३.५ ते ५.६ वाली. ट्रायपॉड हलका पण बरा. फ्रेममध्ये तळ्याच्या काठावरचं एकटं, पानं गळून गेलेलं झाड, कॅमेऱ्यापासून साधारण वीस मीटरवर, आणि त्याच्या मागे उभी राहिलेली आकाशगंगा. चंद्र नाही, ढग नाहीत, वस्तीचे दिवे लांब. म्हणजे परिस्थिती याहून चांगली मागूच शकत नाही अशी. फोटो काढणारी माझी भाची. तिने नेटवर सगळीकडे फिरणारं सेटिंग उचललं, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) एफ २.८, शटर (किती वेळ उघडं राहणार) २५ सेकंद, आयएसओ (आलेला सिग्नल किती वाढवायचा) ३२००, आणि फोटो काढून मला पाठवला, सोबत मेसेज, "मामा, तिथे स्क्रीनवर भारी दिसत होता रे, लॅपटॉपवर एवढा घाण का दिसतोय? लेन्सच बदलायला हवी का?"

लेन्सचं नंतर बघू म्हटलं, आधी मूळ रॉ फाइल पाठव, म्हणजे सेन्सरने नोंदवलेलं सगळं, न दाबता. तिने रॉ चालू ठेवलं होतं हे फार बरं झालं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर दाबून आलेल्या जेपेगमध्ये काही म्हणजे काही कळत नाही.

आता फाइल १०० टक्क्यांवर उघडली की काय बघायचं ते सांगतो, कारण बहुतेक जण "फोटो सॉफ्ट आला" एवढंच म्हणतात आणि मग वाटेल ते बदलत बसतात. सॉफ्ट येण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. तारे गोल आहेत पण फुगलेत, बारीक ठिपक्याऐवजी छोटी चकती दिसतेय, तर फोकस चुकलाय. ताऱ्यांच्या बारीक रेघा झाल्यात, शेजारशेजारच्या सगळ्या एकाच दिशेला, आणि झाड मात्र जागच्या जागी, तर शटर जास्त वेळ उघडं राहिलं आणि पृथ्वी तेवढी फिरली. ताऱ्यांना वेडावाकडा आकार आलाय आणि तोच आकार फ्रेमभर सगळ्या ताऱ्यांना आहे, झाडाच्या कडाही दुहेरी दिसतायत, तर कॅमेरा हलला. आणि मधले तारे ठीक पण फक्त कोपऱ्यातल्यांना पंख फुटल्यासारखे दिसतायत, तर तो लेन्सचा दोष, त्याला कोमा म्हणतात, तिथे सेटिंगने थोडाच फरक पडतो.

तिच्या फाइलमध्ये दोन गोष्टी एकदम होत्या. फ्रेमच्या मध्याजवळ ज्येष्ठा नक्षत्राचा तो तांबूस तारा होता, त्याची चांगली सात-आठ पिक्सेलची रेघ झालेली. शिवाय ती रेघ जाड आणि कडांना विरघळलेली, म्हणजे फोकसही गेलेला. फांद्या दुहेरी नव्हत्या, फक्त सगळीकडे सारख्याच मऊ, म्हणजे ट्रायपॉडने त्याचं काम नीट केलं होतं. कोपऱ्यात कोमा होता पण तो या दोघांच्या मानाने काहीच नाही. लेन्स बदलून यातलं काहीही सुटलं नसतं.

मग मी तिला विचारलं की तू एफ २.८ लावलंस कसं, या लेन्सला ते आहेच कुठे? तर म्हणाली कॅमेरा ३.५ च्या खाली गेलाच नाही म्हणून तेच ठेवलं, बाकीचं तसंच. इथेच सगळं आलं. ते नेटवरचं सेटिंग चुकीचं नाहीये, पण ते फुल फ्रेम (फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्याचं आणि १४ मिमी एफ २.८ लेन्सचं आहे, तीन आकडे मिळून एक हिशोब असतो आणि त्यातला एक जरी तुमच्या हातात नसेल तर बाकीचे दोन तसेच ठेवून चालत नाही.

माझं म्हणणं असं आहे की रात्रीच्या फोटोत सुरुवात शटरपासून करायची, आणि शटर ठरवायला एकच प्रश्न, फ्रेममध्ये काय हलतंय आणि ते किती हललेलं मला चालेल? इथे हलतंय आकाश. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी पूर्ण करते, म्हणजे आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) सरकतं, निदान खगोलीय विषुववृत्तावर (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेघ), ध्रुवाकडे जावं तसं कमी कमी होत ध्रुवताऱ्यापाशी जवळपास शून्य. आता ते किती पिक्सेल होतात ते लेन्सवर आणि पिक्सेलच्या आकारावर. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा, त्यामुळे १८ मिमीला एका पिक्सेलमध्ये आकाशाचे जवळजवळ ४५ आर्कसेकंद बसतात. तो तांबूस तारा विषुववृत्ताच्या २६ अंश दक्षिणेला, म्हणून तो सेकंदाला साडेतेरा सरकतो, २५ सेकंदांत झाले ३३८ आर्कसेकंद, भागिले ४५, आले साडेसात पिक्सेल. फाइलमध्ये मोजलेली रेघ आणि कागदावरचं उत्तर एकच, हे बघून ती जाम खूश झाली, आणि खरं सांगायचं तर मीही, कारण एकदा हा हिशोब डोळ्यांनी दिसला की मग कुणाचं सेटिंग मागायची गरज राहत नाही.

पण दरवेळी एवढं करत बसायची गरज नाही. जुना नियम आहे ५०० चा. ५०० ला फोकल लेंग्थने (लेन्सवरचा मिमीचा आकडा) भागायचं, क्रॉप असेल तर आधी फोकल लेंग्थला १.५ ने गुणायचं, १८ चे झाले २७, उत्तर साडेअठरा सेकंद. हा नियम फिल्मच्या काळातला आणि फार ढिला आहे, आजच्या बारीक पिक्सेलवर त्याने रेघा येतातच, फोनवर बघणार असाल तर चालून जातं. दुसरा एनपीएफ नावाचा, थोडा किचकट पण प्रामाणिक: एफ नंबरला ३५ ने गुणा, पिक्सेलच्या आकाराला (मायक्रॉनमध्ये) ३० ने गुणा, दोन्हींची बेरीज करा आणि फोकल लेंग्थने भागा, इथे क्रॉपचं गुणायचं नाही. ३.५ गुणिले ३५ म्हणजे १२२.५, ३.९ गुणिले ३० म्हणजे ११७, बेरीज २३९.५, भागिले १८, उत्तर १३.३ सेकंद. कॅमेऱ्यात १३ सेकंदाचा टप्पा असतोच, झालं ठरलं. त्यात तो तारा चारेक पिक्सेल सरकेल, जे प्रिंट मोठी काढली तरी ठिपकाच वाटतं. मी तिला १३ वर ठाम राहा म्हटलं.

अ‍ॅपर्चरवर फार बोलण्यासारखं नाही. ३.५, पूर्ण उघडं. चारवर नेलं तर कोपरे जरा सुधारतात पण जवळपास पाव प्रकाशावर पाणी सोडावं लागतं आणि या लेन्सवर आधीच प्रकाशाची ओढाताण आहे. आणि झूम अजिबात करायचा नाही, १८ वर ठेवून वाटलं तर टेप लावून टाकायची, कारण ५५ ला ही लेन्स एफ ५.६ होते म्हणजे अडीच पट कमी प्रकाश आणि वर रेघा तिप्पट लांब.

आता आयएसओ, ज्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. शटर २५ वरून १३ वर आलं म्हणजे प्रकाश जवळपास निम्मा, अ‍ॅपर्चर २.८ ऐवजी ३.५ म्हणजे अजून दीडपट कमी, दोन्ही मिळून नेटवरच्या सेटिंगच्या एक तृतीयांशच प्रकाश सेन्सरवर पडणार. तेवढाच उजळ फोटो स्क्रीनवर हवा असेल तर आयएसओ ९६०० पाहिजे. भाची म्हणाली, "मामा वेडा झालायस का, सगळा ग्रेनच येईल!" ग्रेन येईल हे बरोबर, पण आयएसओमुळे येतो हे बरोबर नाही. ग्रेन येतो प्रकाश कमी पडल्यामुळे. प्रकाशाचे कण पावसाच्या थेंबांसारखे कसेही पडतात, एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० पडले तर त्यात वर-खाली १० चा फरक असणारच, १६०० पडले तर फरक ४० चा, म्हणजे पहिल्या वेळी दहा टक्के चढउतार आणि दुसऱ्या वेळी अडीच टक्केच. हा चढउतार म्हणजेच तो ग्रेन. आयएसओ वाढवून सेन्सरवर एकही कण जास्त पडत नाही, फक्त जे पडलंय ते मोठं करून लिहिलं जातं.

मग आयएसओ १०० वरच ठेवून नंतर उजळ करावं का? तर तसंही नाही. कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक्स सिग्नल वाचताना स्वतःचा थोडा नॉइज टाकतं आणि खालच्या आयएसओला तो बऱ्याच कॅमेऱ्यांत जास्त असतो. एका पातळीनंतर, बऱ्याच सेन्सरमध्ये १६०० ते ३२०० च्या आसपास, त्यापुढे वाढवून काही फायदा उरत नाही, उलट दर टप्प्याला तेजस्वी ताऱ्यांचा रंग जातो. तिच्या पहिल्या फोटोत ते दिसतच होतं, तांबूस ताऱ्याच्या रेघेचा मधला भाग पांढराफटक आणि रंग फक्त कडेला उरलेला. म्हणून मी म्हटलं ३२०० वरच ठेव, फोटो स्क्रीनवर काळोखा दिसेल, दिसू दे, रॉमध्ये दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वर ओढू. तुमच्या कॅमेऱ्याची पातळी कोणती हे घरबसल्या शोधता येतं, अंधाऱ्या खोलीत एकच एक्सपोजर १६००, ३२००, ६४०० ला घ्या, रॉ सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही सारखे उजळ करा आणि सावलीचा भाग १०० टक्क्यांवर बघा. कमी आयएसओवाल्यात पट्टे किंवा जांभळट डाग दिसले तर एक टप्पा वर जा, नाही दिसले तर खालीच राहा.

आणि स्क्रीनवर भारी दिसत होता त्याचं कारण स्क्रीनच. मिट्ट काळोखात डोळे सरावलेले असतात, त्यात कॅमेऱ्याची स्क्रीन दिवसाच्या उजेडावर सेट केलेली, मग काहीही झगझगीत दिसणारच. स्क्रीनचा ब्राइटनेस एकदम कमी करून टाकायचा आणि भरवसा हिस्टोग्रामवर ठेवायचा, म्हणजे किती पिक्सेल किती उजळ ते दाखवणारा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. त्यातला डोंगर डाव्या भिंतीला चिकटलेला नसावा, थोडा सुटून उभा असला की पुरे. या फ्रेमसाठी तेवढंच बघायचं होतं.

तर प्रकाश कमी, तो आणायचा कुठून? एका फ्रेममध्ये मिळत नाही तर अनेक फ्रेममधून. एकच फ्रेम तीच ठेवून १६ वेळा घ्यायची आणि सॉफ्टवेअरमध्ये सरासरी काढायची, चढउतार १६ च्या वर्गमुळाने म्हणजे चौपट कमी होतो. १३ सेकंदांचे १६ म्हणजे २०८ सेकंद, साडेतीन मिनिटं प्रकाश गोळा केल्यासारखंच, आणि रेघ मात्र १३ सेकंदांचीच. माझ्या मते किट लेन्सवाल्याने नवी लेन्स बघायच्या आधी हे करून बघायलाच पाहिजे.

दुसऱ्या खेपेला आधी फोकस. आदल्या वेळी तिने रिंग पार शेवटपर्यंत फिरवली होती, तिला वाटलं शेवट म्हणजे अनंत. बहुतेक ऑटोफोकस लेन्स अनंताच्याही थोड्या पुढे फिरतात, म्हणून तारे आणि झाड दोन्ही मऊ. यावेळी ऑटोफोकस बंद, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवरच्या थेट दृश्यात) एक तेजस्वी तारा धरला, स्क्रीन दहा पटीने मोठी केली आणि रिंग केसभर केसभर फिरवली. तारा मोठा फुगा असतो, लहान होत जातो, एका जागी टोकदार होतो, आणि पुढे गेलात की परत फुगतो. त्या टोकदार जागेची खात्री करायला शेजारचा एखादा अंधुक तारा बघा, फोकस नेमका बसला की तो उगवल्यासारखा दिसायला लागतो आणि जरा हललं की गायब. ताऱ्याभोवती जांभळी किंवा हिरवी झाक दिसत असेल तर रिंगच्या एका बाजूला एक रंग आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, मधे कुठेतरी रंग जातो, तीच जागा. मग रिंगला टेप. काही लेन्स कॅमेरा झोपला की फोकस विसरतात, म्हणून ऑटो पॉवर ऑफ लांबवून ठेवायचं आणि मधेच बंद केला तर फोकस परत तपासायचा.

ताऱ्यावर फोकस केल्यावर झाड शार्प येईल का ही तिची शंका रास्त होती. १८ मिमी आणि एफ ३.५ ला, अनंतावर फोकस असताना साधारण पाच मीटरपासून पुढचं सगळं नेहमीच्या मापाने शार्प धरतात, अगदी पिक्सेल मोजायला बसलं तर बारा मीटरपासून पुढे. झाड वीस मीटरवर, काळजी नाही. पायाजवळचे दगड मात्र आले नसते, ते फ्रेममधून काढून टाकले.

बाकीच्या गोष्टी पटकन. स्टॅबिलायझर बंद, ट्रायपॉडवर तो कधीकधी स्वतःच हलवतो. दोन सेकंदांचा टायमर नाहीतर इंटरव्हलोमीटर (ठराविक अंतराने आपोआप फोटो घेणारा). व्हाइट बॅलन्स ४००० केल्व्हिनला पक्का, रॉ मध्ये नंतर बदलता येतो पण सगळ्या फ्रेम एकसारख्या दिसल्या की काम सोपं जातं. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन या १६ फ्रेमसाठी बंद, कारण चालू असेल तर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ शटर बंद ठेवून अजून एक काळी फ्रेम घेतो, वेळ दुप्पट आणि तेवढ्यात आकाश पुढे सरकतं. पाण्याच्या काठी असाल तर दर थोड्या वेळाने समोरच्या काचेवर तिरका टॉर्च मारून दव बघा, एकदा दव बसलं की सगळे तारे धूसर आणि ते स्क्रीनवर लवकर लक्षात येत नाही.

झाडासाठी वेगळा विचार केला. स्टॅक करताना, म्हणजे त्या १६ फ्रेम एकावर एक ठेवून सरासरी काढताना, सॉफ्टवेअर आकाश जुळवून घेतं, पण मधले थांबे धरून त्या पावणेचार मिनिटांत आकाश जवळपास एक अंश सरकलेलं असतं, त्यामुळे तारे जुळले की झाड पुसटतं. विंडोजवरचं सिक्वेटर किंवा मॅकवरचं स्टारी लँडस्केप स्टॅकर, दोन्हीत जमीन आणि आकाश वेगवेगळं धरता येतं. शिवाय ट्रायपॉड तिथेच ठेवून झाडासाठी दोन मिनिटांची एक फ्रेम घेतली, आयएसओ १६००, एफ ३.५, आणि इथे मात्र नॉइज रिडक्शन चालू, कारण एकच फ्रेम आहे, दोन मिनिटं अजून थांबायला हरकत नाही. १३ सेकंदांच्या मानाने नऊ पट प्रकाश. वारा नव्हता आणि झाडाला पानं नव्हती म्हणून हे जमलं, पानांचं झाड असतं तर दोन मिनिटांत सगळा काला झाला असता, मग मी तिला संध्याकाळी सूर्य क्षितिजाखाली १० ते १२ अंश गेलेला असताना झाड घ्यायला लावलं असतं आणि १८ अंश खाली जाऊन पूर्ण अंधार झाल्यावर आकाश. टॉर्चने झाड उजळायचा मोह तिला होता, मी नको म्हटलं, बारीक फांद्यांवर टॉर्च मारला की झाड कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

निकाल बघा. तारे ठिपके, तो तारा तांबूस, आकाशगंगेतले काळे धुळीचे पट्टे जे पहिल्या फोटोत ग्रेनमध्ये बुडाले होते ते फांद्यांच्या मागे स्पष्ट. क्षितिजाजवळ लांबच्या वस्तीची पिवळट चमक राहिलीच, ती सेटिंगने जात नाही. डाव्या वरच्या कोपऱ्यात कोमाही तसाच, थोडा क्रॉप केला.

हाच क्रम दुसऱ्या विषयाला लावला तर आकडे पार वेगळे येतात पण विचार तोच. गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा हव्यात तर हललेलंच हवंय, मग १५-२० सेकंद, अ‍ॅपर्चर ८ किंवा ११, आयएसओ १००. पूर्ण चंद्राचे डाग दाखवायचेत तर चंद्र उन्हातला दगडच आहे, एफ ११ ला शटर आयएसओच्या उलट, म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० च्या आसपास. माणसं चालतायत तर १/१०० च्या खाली जायचं नाही, मग आयएसओ ६४०० झाला तरी झाला.

राहिला तिचा लेन्सचा प्रश्न. तिच्या डोक्यात ३५ मिमी एफ १.८ होती, सगळे तीच सुचवतात. हिशोब करून बघितला. एनपीएफने ३५ मिमीला शटर येतं पाच सेकंद, फक्त पाच! अ‍ॅपर्चरने मिळालेला पावणेचार पट प्रकाश शटर खाऊन टाकतं आणि आकाशाच्या उजेडासाठी हातात उरतो दीडपटच. सुट्या ताऱ्यांना मात्र खरा फायदा आहे, कारण त्यांना लेन्सचं भोक किती मोठं ते लागतं, किट लेन्सचं १८ ला पाच मिमी, हिचं एकोणीस, म्हणजे पाच सेकंदांतसुद्धा प्रत्येक ताऱ्याचा प्रकाश साडेपाच पट. पण फ्रेममध्ये आकाश निम्म्या रुंदीचं, झाड आणि आकाशगंगा एकत्र बसायची तर पॅनोरमा जोडत बसावं लागणार. त्याउलट १४ मिमी एफ २.८ ला शटर १५ सेकंद, प्रकाश जवळपास १.८ पट आणि फ्रेम मोठी. तिला झाडासकटच फोटो आवडतात, म्हणून मी १४ मिमी सांगितलीय, आणि ती हातात येईपर्यंत याच लेन्सवर १६ ऐवजी ३२ फ्रेम घे म्हटलंय.